युरेथेन म्हणून दिलेला बॉल

मुंबईच्या ताम्हाण्यांनी मला फसवलं. रिअॅक्टिव्ह रेझिनचा जुना बॉल त्यांनी मला युरेथेनचा म्हणून विकला. मी तो घासाघीस करून घेतला, मिरवत मालवणला आणला, आणि त्याची भरपाई माझ्याऐवजी भलत्याच माणसाला करावी लागली.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. "बाबलशेट, तुमच्या बॉलिंगच्या शेडमधल्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं," असं ते म्हणाले. गमती लिहितो. पण वरचा परिच्छेद गाळायचा असेल तर बाकीचे कागदही परत पाठवा, असं मी त्यांना फोनवर सांगून ठेवलं आहे.

मालवणात बॉलिंग होतं हे आज सांगितलं तर लोक माझ्याकडे बघून हसतात. कसालच्या रस्त्याला एक काजूचा कारखाना बंद पडला होता. लांबच लांब शेड होती, आत शिरलं की वर्षं उलटली तरी काजूच्या टरफलांचा जळका वास यायचा. तिथे २००० सालाच्या आसपास मी दोन लेन टाकल्या. लेन म्हणजे साठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी गुळगुळीत लाकडी वाट. तिच्या टोकाला दहा पिना उभ्या असतात, बाटलीच्या आकाराच्या. या टोकाकडून तीन भोकांत बोटं घालून जड बॉल सोडायचा आणि त्या पाडायच्या. खेळ एवढाच. बाकीचं सगळं तेलात आणि बॉलच्या कातडीत आहे.

मी हे शिकलो गोव्यातल्या एका हॉटेलात. माझा बाप रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचा. मी सातवी झालो आणि पळालो. त्या हॉटेलात आधी लेन पुसल्या, मग लेनवर तेल लावलं, मग यंत्राच्या पोटात शिरून अडकलेल्या पिना काढल्या. आठ वर्षांत मला त्या खेळाचं असं काही कळायला लागलं की साहेबलोक बॉल निवडताना मला विचारायचे. पुढे हॉटेलवाल्यांनी बॉलिंग बंद करायचं ठरवलं. तीन दिवस भांडून दोन लेन, यंत्रं आणि चाळीसेक बॉल मी उचलले. चौथ्या दिवशी ट्रक गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर अडकला.

नाक्यावरच्या साहेबांनी पोतं उघडलं. "हे काय आहे?"

"बॉल आहेत, साहेब. खेळायचे."

"एवढे जड? आणि भोकं कशाला?"

"बोटं घालायला."

"कुठे खेळतात हे, मालवणात?"

"अजून कोणी खेळत नाही. आता खेळतील."

साहेबांना खरं वाटेना. त्यांनी एक बॉल काढला, भोकांत बोटं घातली आणि महामार्गावर सोडून बघितला. रस्ता उताराचा. बॉल जो निघाला तो थांबायचं नाव घेईना. एक शिपाई टोपी धरून मागे धावत सुटला, समोरून येणारी एस.टी. थांबली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून काय त्या शिव्या घातल्या. शिपाई बॉल पोटाशी धरून घामाघूम परत आला तेव्हा साहेब म्हणाले, "जाऊ द्या रे यांना. लवकर जाऊ द्या."

तर बॉलची कातडी. बाहेरच्या माणसाला हे समजावताना मी नेहमी तीन माणसं उभी करायचो. पहिला साधा प्लास्टिकचा बॉल. हॉलमध्ये भाड्याने मिळतात ते हे. हा सरकारी कारकुनासारखा, नाकासमोर जातो, कितीही पिळा, वळत नाही. दुसरा युरेथेनचा. याची कातडी लाकडाला थोडी धरते, म्हणून सोडताना मनगटाने जेवढी फिरकी दिली असेल तेवढा हा वळतो, तेही हळूहळू, वल्ह्यावर होडी वळावी तसा. तिसरा रिअॅक्टिव्ह रेझिनचा. लेनवर पिनांच्या अलीकडचा थोडा पट्टा सोडून तेल लावलेलं असतं; हा त्या तेलावरून सरळ घसरत जातो, आणि शेवटच्या कोरड्या पट्ट्यात पोचला की एकदम आत वळतो. जत्रेतून शहाण्यासारखा घरी निघालेला माणूस गुत्त्याच्या दारात आला की जसा वळेल, तसा. वळला की पिनांची दाणादाण करतो, म्हणून सगळं जग त्याच्यामागे लागलं. मी नाही लागलो. युरेथेन हाताचं ऐकतो, रिअॅक्टिव्ह स्वतःचं डोकं चालवतो.

आणखी एक फरक आहे, तो नीट ध्यानात ठेवा. रिअॅक्टिव्हच्या कातडीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. लेनवरचं तेल तो पीत जातो. पिऊन पिऊन तुडुंब झाला की त्याची पकड जाते, तो सुस्तावतो. युरेथेन तेल पीत नाही. फडक्याने पुसला की कोरडा.

माझ्या शेडला तेलापेक्षा वाळूचा त्रास जास्त. किनाऱ्यावरून पर्यटक सरळ यायचे, पायाला वाळू, आणि भाड्याचे बूट घालायला सांगितलं की तोंड वाकडं करायचे. गावचे लोक तर अनवाणीच यायचे. "शेट, देवळात चप्पल काढूची आणि हय घालूची? उलटाच तुमचा," असं एक म्हातारे मला म्हणाले होते. एक बँकेचे मॅनेजर बदलून आले होते. त्यांच्या मेव्हण्याने परदेशातून त्यांना रिअॅक्टिव्ह बॉल आणून दिला होता, लालभडक, चकचकीत. लेन ओल्या फडक्याने पुसायच्या असतात, मला तेवढंही कळत नाही, असं म्हणून त्यांनी मला चारचौघांत अडाणी ठरवलं. मी त्यांना एकच सांगितलं, "साहेब, हा गाडीच्या डिकीत ठेवू नका." त्यांनी ठेवला, मे महिन्यात, दिवसभर, बँकेच्या दारात. संध्याकाळी बॉलला कडेपासून कडेपर्यंत चीर. माझ्यापुढे ठेवून विचारतात, आता काय करायचं? मी म्हटलं, "दाराला अडसर म्हणून चांगला आहे." ते पुन्हा आले नाहीत. मला राग आवरत नाही, हे माझं जुनं दुखणं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण शब्द गिळला तर पोटात दुखतं.

द्वारका आली ती गिऱ्हाईक म्हणून नाही.

शेडच्या कडेला मी जेवणाची चार टेबलं मांडली होती. तिथे मासे द्यायला ती यायची. तिशीच्या आतबाहेरची, बाजारात बसणारी. बापाला डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून घर तिच्यावर होतं. भाऊ नव्हता, म्हणून बापाने तिला लहानपणीच खाडीत उभं राहून पाग टाकायला शिकवला होता. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. पाण्यावर ते ताटासारखं उघडून पडायला हवं, आणि ते उघडतं सोडण्याच्या क्षणी मनगटाला दिलेल्या झोल्यामुळे. हे मला नंतर समजलं.

त्या दिवशी तिने माशांची पाटी खाली ठेवली आणि लेनकडे बघत उभी राहिली.

"शेट, ह्या कसला? बाटलये पाडूक लोक पैशे देतत?"

"तू पाडून दाखव. फुकट."

"आणि पाडलंय तर?"

"तर आजच्या बांगड्यांचा भाव तू म्हणशील तो."

तिने हात पदराला पुसले, मी दिलेले बूट घातले, एक साधा बॉल उचलला आणि दोन पावलं टाकून सोडला. पहिला बाजूच्या खाचेत गेला. दुसरा सोडताना तिचं मनगट फिरलं आणि तो प्लास्टिकचा कारकून, जो आयुष्यात कधी वळत नाही, तो शेवटच्या दहा फुटांत आत वळला. आठ पिना पडल्या. मी काऊंटरच्या मागून बाहेर आलो.

"कुठे शिकलीस?"

"खंय शिकतंय? पाग टाकतंय तसो टाकलंय." मग हसून म्हणाली, "बांगडे आज म्हाग आसत हां शेट."

त्या दिवशी मी भाव केला नाही. माझ्या धंद्यात तो एकच दिवस असेल.

त्यानंतर भरती-ओहोटी बघून, बाजार उठल्यावर, दुपारची ती यायची. चार वर्षं. उन्हाची तिरीप पत्र्यातून लेनवर पडलेली असायची, शेडमध्ये आम्ही दोघं आणि यंत्र. मी तिला पावलं शिकवली, खांदा शिकवला. मनगटाला मी हात लावला नाही, ते देवाने आणि बापाने आधीच केलेलं होतं. तिचा हात मात्र मापायला अवघड. सकाळी बर्फात हात घालून आली की अंगठा बारीक, दुपारी मिठाने सुजलेला. बॉलचं भोक एकच असतं, अंगठा दोन. म्हणून मी तिचं माप एका दिवसात तीन वेळा घेतलं. वहीचा कागद तिच्या तळव्याखाली ठेवला, बोटांच्या पेरांवर पेन्सिलने खुणा केल्या.

"शेट, माप घेतास काय हात बघतास? बघतास तर भविष्य तरी सांगा."

"गप्प बस, रेघ हलते."

"रेघ माझी न्हय, तुमचो हात हलता."

माझं लग्न झालेलं नाही, मी भावाच्या घरात राहतो. त्याहून जास्त या विषयावर मी लिहिणार नाही.

मुंबईत राज्याच्या महिला संघाची निवड होणार असं कळलं तेव्हा मी तिचं नाव परस्पर पाठवून दिलं. सहाजणी घेणार होते. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं.

"त्या निवडेत, नाव लिवतत खंय?"

"फळ्यावर. मोठ्या अक्षरात. गावासकट."

"मगे मी येतंय," ती म्हणाली. "बाजारात फळ्यार सुरमयचो दर असता, पापलेटचो दर असता. एकदा माझा नाव बघूचा आसा."

तिला हवं होतं ते एवढंच. मानधन, बक्षीस, यातलं तिने काही विचारलं नाही. सहात नाव.

तिला स्वतःच्या मापाचा बॉल लागणार होता, आणि तो युरेथेनच. तिच्या मनगटाची फिरकी आधीच एवढी होती की रिअॅक्टिव्ह दिला असता तर तो निम्म्या वाटेतच वेडा झाला असता. माझा स्वतःचा एक युरेथेन होता, गोव्याहून आणलेला, पण तो सोळा पौंडांचा आणि भोकं माझ्या बोटांची. नवा युरेथेन तेव्हा मिळणं कठीण झालं होतं. म्हणून मी मापाचा कागद खिशात घालून मुंबईला ताम्हाण्यांच्या दुकानात गेलो. जुने बॉल घेऊन भोकं बुजवायची, नवीन मापाने पाडून विकायचे, हा त्यांचा धंदा. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद.

"युरेथेन आता कोण वापरतं, बाबलशेट?" ताम्हाणे म्हणाले. माणूस गोड बोलणारा, बोलताना चष्मा पुसत राहायचा. "सगळे रिअॅक्टिव्हवर गेले. दाखवू का एक?"

"मला युरेथेनच हवा. चौदा पौंडी."

ते आत गेले आणि निळसर राखी रंगाचा एक बॉल घेऊन आले. वरचं नाव घासून गेलेलं. "जुना आहे, पण तुम्हाला हवा तोच. हा शेवटचा."

मी त्यावर अंगठा चोळला. चांगल्या रिअॅक्टिव्हवर अंगठा घासला की तो किंचाळतो. हा गप्प होता. कातडी कोरडी, मंद. किंमत ऐकून मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. दुसऱ्यांदा तीन पायऱ्या उतरलो. तिसऱ्यांदा पार खाली फुटपाथवर पोचलो तेव्हा वरून हाक आली, "या हो, या. तुमच्याशी कोण भांडणार." मी वर गेलो तेव्हा त्यांनी किंमत निम्म्यावर आणली होती. आणि वर म्हणाले, "तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार? तुम्ही अंगठा लावून घेतलात."

त्या वाक्यानेच तो बॉल मला विकला, आणि भोकं पाडायला मी द्वारकेचं नाव लिहिलेला मापाचा कागद त्यांच्या हातात दिला. भाव करणाऱ्या माणसाचं एक व्यंग असतं. किंमत पाडली की त्याला वाटतं आपण जिंकलो. समोरच्याने किंमत का पाडू दिली, हे तो विचारत नाही.

मी लेनवर सोडून बघितला असता तरी मला कळलं नसतं. कारण तेल पिऊन मेलेला रिअॅक्टिव्ह आणि जिवंत युरेथेन जवळजवळ सारखेच धावतात. वरून खरखरीत कागदाने घासला की दिसतातही सारखे.

आणि तो धावला, हे मला मान्य करायलाच हवं. त्या पावसाळ्यात द्वारका त्या बॉलवर जे खेळली ते मी गोव्यात साहेबलोकांच्या लेनवरही बघितलं नव्हतं. उजव्या कडेने, खाचेला खेटून तो निघायचा. आता पडला, आता पडला असं वाटता वाटता आत झुकायचा, आणि पहिल्या व तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत जाऊन शिरायचा. पिना पडण्याचा आवाज होण्याआधीच ती पाठ फिरवून चालू लागलेली असायची. बघायची गरजच वाटत नसे तिला. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत तो आवाज. आजही एखाद्या घरी फरशीवर पितळी भांडी पडली की माझी मान वळते.

निवड दसऱ्यानंतर तीन दिवसांनी होती. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन पूजा करतात. शेतकरी नांगर धुतो, सुतार करवत, मच्छीमार इंजिन. माझी हत्यारं म्हणजे बॉल. दर वर्षी मी ते नुसते पुसायचो. त्या वर्षी द्वारका म्हणाली, यंदा आपण मुंबईक जातो, देवाचा नीट करूया. वहिनीने भात उकडायचं तांब्याचं मोठं भाण काढून दिलं, चुलीवर पाणी तापवलं. भात उकडायची सवय तिची, तिने पाणी चांगलंच कडक केलं. आम्ही एकेक बॉल त्यात सोडला.

साधे बॉल धुऊन निघाले. माझा सोळा पौंडी युरेथेन निघाला, पुसला, कोरडा ठक्क. मग द्वारकेचा काढला. त्याला घाम फुटला होता. बारीक बारीक थेंब, पुसले की पुन्हा यायचे. आणि भाणातल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग.

"शेट, हेका तेल खंयसून इला?" द्वारकेने विचारलं. "तुमच्या गोळ्याक येवक नाय ता."

मला त्या क्षणी समजलं. इथे कोणी असं समजू नये की मला उशिरा कळलं. दोन्ही बॉल माझ्यासमोर एका पाटावर होते. एक कोरडा, एक घामेजलेला. युरेथेन तेल पीत नाही, हे मी चार वर्षं तिला पढवत होतो. पण मी तीन वेळा जिना उतरून आणलेला तो बॉल होता, गावभर त्याची किंमत सांगून झाली होती.

"तुझ्या हाताचं तेल आहे," मी खेकसलो. "मासे कापून येतेस आणि तोच हात लावतेस. पूस आणि फूल वाहा."

तिने बॉल पुसला, गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, शेड बंद. त्यानंतर आम्ही निघालो. सरावाला एकही खेळ मिळाला नाही. तेल निघून गेल्यावर मेलेला रिअॅक्टिव्ह जागा होतो. मी एक जागा झालेला बॉल तिच्या हातात देऊन तिला मुंबईला नेलं.

तिथल्या हॉलमध्ये चोवीस लेन, वर दिवे. एका भिंतीला फळा होता आणि त्यावर खेळायला आलेल्या सगळ्याजणींच्या नावांत खरंच तिचंही नाव होतं, द्वारका, मालवण. ती त्याच्यापुढे उभी राहिली. लोक बाजूने जात होते.

पहिल्याच खेळात बॉल नेहमीसारखा कडेने गेला आणि शेवटी असा काही वळला की फट ओलांडून डाव्या कोपऱ्यात. दोन पिना. दुसऱ्यांदा तेच. ती माझ्याकडे आली.

"शेट, गोळो ऐकणा नाय."

"गोळा तोच आहे. तुझं मनगट सैल पडलंय."

तिने मनगटाकडे बघितलं. मग आवळून टाकायला लागली. आवळल्यावर आणखी बिघडलं. चौथ्या खेळानंतर ती पुन्हा आली, खालच्या आवाजात म्हणाली, "हो ठेवया. मी हॉलचो साधो गोळो घेतंय. तो सरळ तरी जातलो."

तिचं बरोबर होतं. साध्या बॉलने, नुसत्या नेमावर, ती सहात आली असती. मी आजही मनातल्या मनात तिचे राहिलेले खेळ साध्या बॉलने खेळून बघतो, आणि प्रत्येक वेळी ती सहात येते. पण साधा बॉल घेणं म्हणजे ताम्हाण्यांनी मला बनवलं हे तिच्यापुढे कबूल करणं.

"नाही," मी म्हटलं. "हाच. चार वर्षं काय शिकलीस?"

ती सातवी आली. नऊ पिना कमी पडल्या. शेवटच्या खेळात फळ्यावरचं तिचं नाव एक ओळ खाली सरकवलं तेव्हा ती बूट सोडत होती. परतीच्या वाटेवर कणकवली आली. ती स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात धरून म्हणाली, "बाबा सांगी, मनगट म्हातारा होता. माका वाटला नव्हता इतक्या लवकर."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मी ताम्हाण्यांकडे गेलो. बॉल त्यांच्या टेबलावर आपटला, काच तडकली. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही जाणकार, बाबलशेट. बघून घेतलात, भाव करून घेतलात. त्या भावात काय मिळतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी हात उगारला, दुकानातल्या लोकांनी मला जिन्याने खाली उतरवलं. त्या वेळी वरून हाक आली नाही.

द्वारका शेडमध्ये आली नाही. मासे द्यायला दुसरी बाई यायला लागली. बाप गेल्यावर तिचं लग्न झालं, वैभववाडीला, बिजवराशी. समुद्रापासून लांब, घाटाच्या पायथ्याशी. इकडे शेडचंही काही खरं राहिलं नाही. यंत्राचे भाग मिळेनात, पर्यटक तारकर्लीला पाण्यातल्या खेळांकडे वळले, खाऱ्या हवेने लेनचं लाकूड फुगलं. २००९-१० च्या सुमारास मी ती विकली. तुम्ही मालवणात एखाद्या खानावळीत जेवायला बसलात आणि टेबल जरा जास्तच गुळगुळीत लागलं, तर ती माझी लेन असेल.

बऱ्याच वर्षांनी वैभववाडीच्या बाजारात एकदा ती मला भेटली. मी काजूच्या बियांचा सौदा करायला गेलो होतो. ती स्टेशनच्या वाटेवर चहाचं दुकान चालवत होती. केस पांढरे झाले होते. चहा दिला, पैसे घेतले नाहीत, मालवणात कोण कसं आहे ते विचारलं. मी उठलो तेव्हा म्हणाली, "शेट, एक इचारू? त्या दिवशी माझोच हात चुकललो मा?"

माझ्या तोंडातून गेलं, "आता जाऊ दे गो ते. जुन्या गजाली."

"जावंदे," ती म्हणाली आणि कप विसळायला वळली. तिचा उजवा हात तिने पदराखाली घेतला होता, डाव्यानेच विसळत होती.

म्हणून हे लिहिलं. द्वारके, तुझा हात चुकला नव्हता. बॉल खोटा होता, मला खंडेनवमीला कळलं होतं, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो, घरी, मुंबईत आणि तुझ्या दुकानात. हे माझ्या सहीनिशी छापून येतं आहे. माझ्याकडून तुला जे उत्तर येणं होतं ते इतकं.

आता ताम्हाणे. तुम्ही हयात आहात, दुकान मुलगा बघतो, हे मी विचारून घेतलं आहे. या अंकाची एक प्रत मी तुम्हाला रजिस्टरने पाठवणार आहे आणि एक वैभववाडीला. मला पैसे नकोत, माफीही नको. तुम्ही तो बॉल घासलात, नाव पुसलंत, तेव्हा तो कोणता हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याचं भोक ज्या अंगठ्याच्या मापाने पाडलंत, तो कागदही तुमच्या हातात होता, त्यावर तिचं नाव मी लिहिलं होतं. त्या नावाला उत्तर द्या. मराठीत लिहा, ती वाचते.